चिमणी आणि बिनआवाजाची गाडी

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. एकतीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवलं, आणि अर्धा अभ्यासक्रम तर माझा रागच होता. निवृत्त झाल्यावर ठरवलं होतं की आता घरी बसून निवांत रागवायचं. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, सगळं माझ्याच वाट्याला नको. जरा बाहेर वाटून या." म्हणून मी 'करून बघा'त जायला लागलो.

'करून बघा' म्हणजे कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका बंद पडलेल्या तेलघाण्याच्या वरचा हॉल. तो अनुजा नावाच्या मुलीनं चालवायला घेतलाय. पुण्यातली चांगली नोकरी सोडून आली. का सोडली विचारलं की नुसती हसते, आणि ते हसणंही माझ्या डोक्यात जातं. हॉलमध्ये आठ टेबलं, भिंतीला पान्हे-पकडी, एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या वस्तू छापणारं यंत्र. दर शनिवारी कार्यशाळा असते. कुणीही यावं, मोडलेली वस्तू आणावी, नाहीतर नवीन काहीतरी डोक्यात घेऊन यावं.

भिंतीवर मोठ्या अक्षरात नियम लिहिलाय: 'इथं कुणी करून देत नाही. तुम्ही करा, आम्ही सोबत बसतो.' हा नियम कोल्हापूरला पचायला फार जड गेला. पहिले तीन महिने लोक मिक्सर टेबलावर ठेवायचे आणि "संध्याकाळी येतो न्यायला" म्हणत जिना उतरायला लागायचे. एक गृहस्थ तर पंखा ठेवून रंकाळ्यावर भेळ खायला गेले. परत आले तेव्हा पंखा होता तसाच होता आणि मी मात्र चांगलाच तापलो होतो.

माझं टेबल डाखाचं. तापलेल्या कांडीनं डाखाची तार वितळवायची आणि दोन वायरी कायमच्या जोडायच्या. बघायला सोपं. पण घाई केली, वायरी नीट तापू दिल्या नाहीत, तर वर चकचकीत थेंब बसतो आणि आत जोड लागलेलाच नसतो. त्याला कच्चा डाख म्हणतात. दोन दिवस चालतो आणि ऐन वेळी दगा देतो. असा डाख दिसला की मी पोराचं काम सगळ्या हॉलला दिसेल असं उचलून धरतो आणि म्हणतो, "हे बघा. ह्याला म्हणतात घाई." पोरं माझ्या माघारी मला 'कच्चा डाख सर' म्हणतात. मला माहीत आहे. माझं खरं नाव बाळासो.

दसरा झाल्यावरच्या शनिवारी एक बाई जिना चढून वर आल्या. साठीच्या असतील. नऊवारीचा काष्टा, कपाळावर मोठं कुंकू पुसल्याची फिकट खूण, अंगाला दुधाचा वास. दारातच उभ्या राहून त्यांनी सगळा हॉल एकदा नजरेखालून घातला.

"हितं गाडीचं काम करत्यात न्हवं?"

"करत नाहीत. करायला शिकवतात," मी म्हणालो.

"तेच की. खाली माझी गाडी हाय. तिला आवाज बसवायचाय."

मी खिडकीतून खाली बघितलं. पांढरी, कोरी, बॅटरीवरची स्कूटर उभी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या.

"सुरू केली तरी कळत न्हाय," बाई म्हणाल्या. "चोरासारखी जाती."

अनुजा पुढं आली. "मावशी, अहो सगळं जग गाड्यांचा आवाज कमी करायला धडपडतंय."

"जग म्हशी पाळत न्हाय," बाई म्हणाल्या आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या.

त्या पारूबाई. गंगावेशीच्या मागं त्यांचा गोठा. जे कोल्हापूरचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. शर्यत नव्हे, मिरवणंच, पण पळत. म्हशीला घासूनपुसून काळंभोर करतात, शिंगं रंगवतात, मोरपिसांचे तुरे आणि कवड्यांच्या माळा घालतात, पायात घुंगरू बांधतात. मग मालक सायलेन्सर काढलेली फटफटी घेऊन पुढं सुटतो आणि म्हैस शेपूट वर करून त्याच्या मागं. दोरी नाही, काठी नाही. शेकडो माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आणि पन्नास गाड्यांचा दणदणाट, पण म्हैस चुकत नाही. आपल्याच मालकाच्या मागं जाते. ती तशी गेली तर त्या मालकाला वर्षभर मान. नाही गेली तर वर्षभर चेष्टा.

पारूबाईंची म्हैस चिमणी. हे नाव तिला रेडकू असताना दिलं होतं. आता ती उभी राहिली की गोठ्यात अंधार होतो. सहा पाडवे ती आकारामांच्या मागं पळाली. आकाराम म्हणजे पारूबाईंचे मालक. गेल्या फाल्गुनात एका पहाटे ते धार काढायला उठलेच नाहीत. त्यांची जुनी साडेतीनशेची फटफटी मुलानं उचगावच्या एका हौशी माणसाला दिली, त्यानं तिचं इंजिनच बदलून टाकलं. म्हणजे माणूस गेला आणि मागोमाग त्याच्या गाडीचा आवाजही गेला.

"तवापासनं चिमणी गोठ्याभायेर पाय टाकीना झालीया," पारूबाई म्हणाल्या. "दावं वढलं तर बसती. ढकललं तर झोपती. आदर्श म्हणतोय, इकून टाकू."

आदर्श हा त्यांचा मुलगा, एमआयडीसीत पाळीवर जातो. पोरगा वाईट नाही. आईच्या पाठीची त्याला काळजी. राधानगरीकडचा एक माणूस चिमणी आणि गोठ्यातली दुसरी म्हैस, दोन्ही न्यायला तयार होता. आदर्शनं आईला सरळ सांगितलं होतं की पाडव्याला चिमणी तुझ्या मागनं पळाली तर मी विषय परत काढणार नाही. नाही पळाली तर भाऊबीज झाली की टेम्पो येईल.

"पोराचं चुकतंय असं न्हाय," पारूबाई म्हणाल्या. "पर गोठा मोकळा झाला तर पाटंचं मी कुणासाठी उठू, मास्तर? सांगा की."

उत्तर सुचलं नाही की मी रागावतो, म्हणून मी अनुजावर खेकसलो, "बघत काय उभी आहेस? आवाज कुठनं आणायचा ते सांग."

आवाज आदर्शच्या फोनमध्ये होता. गेल्या पाडव्याचा व्हिडिओ. हलगी, शिट्ट्या, माणसांचा गोंगाट आणि त्या सगळ्यात आकारामांची फटफटी. अनुजानं दोन संध्याकाळी लॅपटॉपवर बसून त्यातला एकेक आवाज वेगळा काढला. शेवटी उरली ती फक्त फटफटी, डगडग डगडग, इतकी स्वच्छ की डोळे मिटले तर पेट्रोलचा वास यावा.

पेटीचं काम पारूबाईंनी स्वतः केलं. नियम म्हणजे नियम. आवाज साठवणारी छोटी सर्किटची पाटी, आवाज मोठा करणारी दुसरी, एक कर्णा, एक बॅटरी आणि हँडलला बसवायचं बटण. हे सगळं ठेवायचं कशात, यावर पोरांनी कागदावर पाच-सहा नकाशे काढले. पारूबाई खाली गेल्या आणि दुधाची रिकामी किटली घेऊन आल्या. "हीत घाला. घुमती." खरंच घुमत होती. कागदावर काढलेल्या नकाशांपैकी एकही तसा घुमला नसता.

आणि त्यांचा हात! चाळीस वर्षं धारा काढलेला हात. कांडी धरली की जराही हलायचा नाही. वायर तापेपर्यंत शांतपणे थांबायच्या, मग तार टेकवायच्या, डाख पाण्यासारखा पसरायचा. एकतीस वर्षांत माझ्या वर्गात असे अकरा डाख कुणी ओळीनं दिले नव्हते. मी हे त्यांना बोललो नाही. कौतुक करायची मला सवय नाही.

बारावा डाख बटणाचा होता. सात वाजत आले होते, बायकोचे दोन फोन येऊन गेले होते, घरी पाहुणे बसले होते. पारूबाई आपल्या वायर तापवत बसल्या होत्या.

"द्या इकडं," मी म्हणालो आणि कांडी त्यांच्या हातातून घेतली. एका सेकंदात थेंब टाकून मोकळा झालो.

"मास्तर, भिंतीवर काय लिवलंय?"

"ते पोरांसाठी आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात चाचणी घेतली. चिमणी बसून रवंथ करत होती. पारूबाईंनी स्कूटर तिच्या समोर आणली आणि बटण दाबलं. किटलीतून आकारामांची फटफटी सुरू झाली.

शेजारचे पिराजी गवळी अर्धी दाढी झालेली, अर्धी साबणात, असे धावत बाहेर आले. त्यांचा चेहरा साबणापेक्षा पांढरा पडला होता. "आकारामदा आलं काय रं?" एवढंच ते बोलले आणि पायरीवर बसले. त्यांच्या दोन्ही म्हशी उभ्या राहिल्या. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. समोरच्या घरातून कुणीतरी सवयीनं दुधाचं भांडं घेऊन आलं.

चिमणी तेवढी रवंथ करत होती.

आम्ही आवाज मोठा केला. तरी ढिम्म. मी म्हणालो, तिला धूर लागत असेल. पेट्रोलमध्ये बुडवलेली चिंधी तिच्या नाकासमोर धरली. ती शिंकली, ते सगळं माझ्या शर्टावर आलं. मग अनुजाच्या डोक्यातून निघालं की मालकाचा वास हवा. खुंटीवरचं आकारामांचं जर्किन मी अंगात घातलं आणि स्कूटरवर बसलो. चिमणीनं जर्किनची बाही मनगटापासून कोपरापर्यंत चाटली, मोठा श्वास सोडला आणि मान जमिनीला टेकून डोळे मिटले. त्या वेळी मला तिच्यावर राग आला नाही, हे नमूद करतो.

"मावशी, गाडी सुरू करताना ते काही बोलायचे का?" अनुजानं विचारलं.

पारूबाईंनी कोपऱ्यातल्या खराट्याकडं बघितलं. "देवाचं नाव घ्यायचे. जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हणायचे."

मग आम्ही माझ्या आवाजात चांगभलं भरलं, आकारामांइतकं जाड व्हावं म्हणून घसा खरवडून सात वेळा. ते ऐकून चिमणीनं माझ्याकडं पाठ फिरवली. पिराजी दाढी पूर्ण करून आले होते, ते म्हणाले, "सर, तिला कीर्तनकार नकोय."

पाडव्याला चार दिवस उरले. माझी झोप उडाली. सगळे जोड बरोबर, बॅटरी भरलेली, आवाज खणखणीत आणि तरी दिवा लागत नाही, असं झालं तर चूक आपण शोधतोय त्याच्या अलीकडं असते. हे मी पोरांना शिकवायचो. म्हणून मी अनुजाला म्हणालो, तो मूळ व्हिडिओ मला पाठव. न कापलेला.

सोमवारी दुपारी जेवण झाल्यावर व्हरांड्यात बसून लावला. अनुजानं वेगळ्या काढलेल्या आवाजात फटफटी थेट सुरू होत होती. मूळ व्हिडिओत तसं नव्हतं. आकाराम किक मारतात, गाडी सुरू होत नाही. दुसरी मारतात, नाही होत. मग ते टाकीवर वाकतात, जणू तिच्या कानात सांगायचंय, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "ऊठ की गं ए..." आणि त्याच्यापुढं एक शब्द.

तो शब्द मी इथं लिहीत नाही. वर्गात तो वापरणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलंय. कोल्हापूरच्या वाचकाला तो सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला सांगायची सोय नाही. एवढंच सांगतो की आमच्याकडे तो भांडणात वापरतात, जिवलग मित्राला हाक मारताना वापरतात आणि काही लोक तर नुसता दम घ्यायच्या जागी वापरतात.

त्या शब्दाबरोबर, व्हिडिओच्या अगदी कडेला, एक काळं डोकं वर झालं. कान ताठ. फटफटी अजून सुरूच झाली नव्हती. ती तिसऱ्या किकला झाली. चिमणी तिच्या आधीच निघाली होती.

मी ते चार सेकंद पुन्हा पुन्हा लावले. सातव्या वेळी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "या वयात काय ऐकताय हो हे?"

मी अनुजाला फोन केला. तो शब्द कुठं गेला, विचारलं.

"सर, ते मीच कापलं. दिवाळीनंतर आपल्या हॉलमध्ये मेळा आहे, त्यात ती किटली मांडायची होती. पालक येणार, लहान मुलं येणार. मला वाटलं, गाडीचा आवाज महत्त्वाचा."

"पोरी, गाडी त्यांनाही ऐकत नव्हती," मी म्हणालो. "ऐकत होती ती म्हैस."

संध्याकाळी आम्ही न कापलेला आवाज किटलीत भरून गोठ्यात गेलो. पारूबाई आत चरव्या घासत होत्या. आम्ही त्यांना न सांगताच बटण दाबलं. दोन मेलेल्या किक. मग आकाराम.

"ऊठ की गं ए..."

चिमणी उठली. पुढचे पाय, मागचे पाय, एका दमात. दावं ताठ झालं, खुंटा करकरला. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती दाराकडं तोंड करून उभी राहिली.

आत चरवी पडल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर पारूबाई उंबऱ्यात. हातांना राख लागलेली, आणि त्या राखेच्या हातांनी त्यांनी डोक्यावर पदर घेतला होता. मालक बाहेरून आले की घ्यायच्या, तसा.

अनुजानं पुढं होऊन आवाज बंद केला.

"इसरत चालले व्हते मी," पारूबाई शेवटी म्हणाल्या. "तोंड ध्येनात हाय, चालणं ध्येनात हाय. आवाजच निसटत चाललावता." मग त्या जमिनीकडं बघायला लागल्या. "चाळीस वरसं त्या शब्दापायी भांडले. पोरासमोर नगं, देवळासमोर नगं, सोयऱ्यासमोर नगं. आन् तुमी इचारलं तवा काय सांगणार व्हते? शिवी दिल्याबिगर म्हस उठत न्हाय म्हणून?"

"तुम्ही देवाचं नाव सांगितलंत," मी म्हणालो, "आणि मी सात वेळा बोंबललो."

त्या हसल्या आणि त्याच हसण्यात रडल्या. "पुन्यांदा लावा की."

आम्ही पुन्हा लावला. मग अजून एकदा. तिसऱ्यानंतर त्या "पुरं" म्हणाल्या आणि चरव्या घासायला गेल्या.

पाडव्याच्या दुपारी पंचगंगेच्या घाटाकडच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. चिमणीची शिंगं गुलाबी, कपाळावर मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्या, पायात घुंगरू. किटलीतला आवाज ऐकवत ऐकवत आम्ही तिला गोठ्यापासून तिथवर आणली होती आणि एकदाही अडचण आली नव्हती. पारूबाईंनी नवं इरकली लुगडं नेसलं होतं. बाईमाणूस म्हस पळवणार, तीही बिनआवाजाच्या गाडीवर, ही बातमी आमच्याआधी पोहोचली होती. गॅलऱ्या भरल्या होत्या. 'करून बघा'ची सगळी पोरं ओळीनं उभी होती. आदर्श रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून.

"आन् लोकास्नी शिवी ऐकू गेली तर?" गोठ्यातनं निघताना पारूबाईंनी मला विचारलं होतं.

"आवाज त्यांचा आहे. तुमचं काय जातंय?"

"ते बी खरंच," त्या म्हणाल्या. "मी कुठं बोलतीया."

पिराजींची जोडी धूळ उडवत गेली. मग पारूबाईंचं नाव पुकारलं. स्कूटर पुढं, चिमणी दहा हात मागं. हलगी थांबली. पारूबाईंनी बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही. तिसऱ्यांदा अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबलं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मावशी, चार्जिंगला लावा!" आणि हशा पिकला. चिमणीनं चारी बाजूंना बघितलं आणि तिच्या पुढच्या पायांचे गुडघे वाकायला लागले. ती बसायच्या तयारीत होती. भर रस्त्यात.

मी धावत पुढं गेलो आणि मला ते दिसलं. बटणाची वायर सुटून लोंबत होती आणि तिच्या टोकाला एक चकचकीत, गोल, सुबक थेंब होता. पारूबाईंचे अकराच्या अकरा डाख शाबूत होते. सुटला तो बारावा. माझा. रस्त्यात कांडी नव्हती, वीज नव्हती आणि अनुजा माझ्याकडं नुसती बघत होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आदर्श जवळ आला. त्याचाही आवाज पडला होता. "ऱ्हाऊ दे आई. चल घरी."

पारूबाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग चिमणीकडं. मग त्या स्कूटरच्या हँडलवर वाकल्या. आकारामांचं तसं वाकणं मी व्हिडिओत सात वेळा बघितलं होतं. त्यांनी छातीभर श्वास घेतला, आणि ज्या बाईनं चाळीस वर्षं त्या शब्दापायी नवऱ्याशी भांडण केलं होतं तिनं अख्ख्या कोल्हापुरासमोर, पंचगंगेच्या पलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात तो उच्चारला.

"ऊठ की गं ए..." आणि पुढचं सगळं. तीच चाल, तोच हेल, शेवटी तोच झटका.

हलगीवाल्याच्या हातातली काडी खाली पडली. पिराजींनी तोंडावर हात ठेवला. गॅलऱ्यांमधल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आणि चिमणीची शेपूट वर गेली.

स्कूटर सुटली, मागनं चिमणी. बाकीच्या मालकांनी थक्क होऊन आपापल्या गाड्या बंद केल्या होत्या आणि स्कूटरला तर आवाजच नव्हता. त्यामुळं त्या रस्त्यावर आयुष्यात पहिल्यांदा मला म्हैस पळताना ऐकू आली. खुरांचे ठोके, घुंगरू, कवड्यांची खळखळ आणि तिचा धापा टाकणारा श्वास. पुढं गेल्यावर पारूबाईंना भरच आला. शंभर पावलांत त्यांनी तो शब्द आणखी दोनदा वापरला. त्यातला दुसरा तर मला वाटतं नुसता आनंदानं होता.

शेवटाला स्कूटर थांबली तेव्हा चिमणीनं आपलं ओलं नाक पारूबाईंच्या पाठीला टेकवलं. नव्या लुगड्याची वाट लागली. माणसं शिट्ट्या मारत होती, आमची पोरं नाचत होती. आदर्शनं डोळे पुसले, खिशातून फोन काढला आणि राधानगरीच्या माणसाला लावला. दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या आणि टेम्पो पाठवू नका म्हणून सांगितलं.

पुढच्या शनिवारी मी हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी पोहोचलो. पोरं जमल्यावर ते बटण सगळ्यांना दिसेल असं उचलून धरलं. "हे बघा. ह्याला म्हणतात घाई. आणि ही माझी आहे." मला वाटलं होतं, पोरं हसतील. हसलीच. फार वेळ हसली.

थोड्या वेळानं पारूबाई जिना चढून आल्या. किटली माझ्या टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "कांडी द्या. ह्ये जोडायचं ऱ्हायलंय."

"आता कशाला?" मी विचारलं. "चिमणी तुमच्या नुसत्या आवाजावर निघते. काल पिराजी सांगत होते, गल्ली सकाळी तुमच्याच शिवीनं उठते म्हणून."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "चिमणीला माझं चालतंय, मास्तर. मला त्यांचं लागतंय."

मी कांडी तापवून त्यांच्या हातात दिली. त्या वायर तापवत बसल्या. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि त्यांना हवा तेवढा वेळ लागू दिला.